अवरक्त वर्णपटावरून ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे मापन

ताऱ्याच्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशाचा वर्णपट घेऊन त्यातल्या शोषणरेषांवरून (अणू-रेणूंनी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळल्याने पडणाऱ्या काळ्या रेषा) ताऱ्याच्या वातावरणात कोणते मूलद्रव्य किती आहे हे ठरवण्याची पद्धत. प्रमाण हायड्रोजनच्या तुलनेत सांगतात. सूर्यात लोखंडाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सुमारे ३०,००० अणू आहेत.

उदाहरणाला स्वाती घ्यावी. मेअखेरीस रात्री दहाच्या सुमारास बडोद्यात गच्चीवर उताणे पडले की हा नारिंगी तारा जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्यासाठी कमाटीबागेतले तारांगण गाठायला नको. तापमान सुमारे ४,३०० केल्विन, म्हणजे सूर्याहून थंड. अशा ताऱ्यांच्या दृश्य वर्णपटात रेषांची इतकी दाटी असते की एक दुसरीवर चढते. दीड मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पुढे ती बरीच विरळ होते. शिवाय तिथे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) आणि सायनोजेन (कार्बन-नायट्रोजन) या रेणूंच्या रेषा सापडतात. त्यांवरून कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे तिघे एकत्रच सोडवावे लागतात: काही ऑक्सिजन कार्बनने आधीच अडवलेला असतो, त्यामुळे एकाचा आकडा हलला की बाकीचेही हलतात.

दुसरा फायदा धुळीचा: ताऱ्यांमधली धूळ दृश्य प्रकाश अडवते, अवरक्त बराच कमी. मूळ नक्षत्राशेजारी असलेल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी फोटॉनांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोहोचतो, २.२ मायक्रोमीटरला साधारण दहातला एक.

खरी डोकेदुखी आपल्याच हवेची. पाण्याची वाफही याच पट्ट्यात रेषा उमटवते, म्हणून अशा दुर्बिणी कोरड्या उंचावर बसवतात. अबूच्या गुरुशिखरावरची १.२ मीटरची दुर्बीण बडोदेकरांना त्यातल्या त्यात जवळची. स्वातीच्या १९९५च्या अवरक्त वर्णपटसंग्रहासाठी वर्षातून दोन वेगळ्या वेळी निरीक्षणे घेतली. पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्याच्या रेषा सरकल्या, हवेच्या जागच्या जागी राहिल्या, आणि दोन्ही वेगळ्या करता आल्या.

अपोजी या सर्वेक्षणाने २०११पासून न्यू मेक्सिकोतल्या २.५ मीटरच्या दुर्बिणीवर एका वेळी ३०० फायबर (प्रकाश वाहून नेणारे तंतू) लावून वर्णपट घेतले. भोके पाडलेल्या अॅल्युमिनियमच्या तबकड्यांत ते फायबर माणसे हातानेच खोचत.

‘मापन’ हा शब्द जरा ऐटीचाच आहे. प्रत्यक्षात संगणकावर रचलेला वर्णपट खऱ्याशी जुळवून पाहतात. तापमान चुकले की प्रमाणही चुकते. स्वातीत लोखंड सूर्याच्या साधारण एकतृतीयांश निघते. मॅग्नेशियम मात्र तितके घटलेले नाही: ते अल्पायुषी, वजनदार ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर मिळते, तर बरेचसे लोखंड श्वेतबटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटांतून उशिरा येते. ते पुरेसे साठण्यापूर्वीच्या वायूतून स्वाती घडली.