वेल्डिंग मारलेल्या फ्रेमवर गाडी चालवावी का?

मोटरसायकलच्या फ्रेमला तडा गेला की गॅरेजमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: "वेल्डिंग मारून देतो, मूळच्यापेक्षा मजबूत होईल." यातलं अर्धं खरं आहे. सीओटू वेल्डिंगची नेहमीची ईआर७०एस-६ तार वितळून जो धातू बनतो, त्याची ताणशक्ती, म्हणजे तुटण्याआधी सोसलेला ताण, किमान ४८० मेगापास्कल असते. साध्या कम्युटर (रोजच्या ये-जा करायच्या) गाडीच्या नळीचं सौम्य पोलाद साधारण ३५० ते ४५० मध्ये बसतं. म्हणजे वेल्डिंगच्या टाक्यातला धातू नळीपेक्षा बळकट, हे कबूल. पण फ्रेम एका झटक्यात ओढून तुटत नाही, ती थकून तुटते. आणि थकव्याच्या हिशेबात टाक्यातला धातू किती बळकट आहे याला फारशी किंमत नसते.

धातूचा थकवा पहिल्यांदा पद्धतशीर मोजला तो ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने, १९व्या शतकाच्या मध्यात. रेल्वेचे आस एकदा सहज पेलतील असा भार लाखो वेळा आलटून पालटून आला की तुटतात, हे त्याने दाखवलं. फ्रेमचंही तेच. रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस गाडी चालली आणि दर दहा मीटरला एक जाणवण्याजोगा हादरा धरला, तर वर्षाला ९ लाख हादरे होतात. उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यावर दहा मीटरला एक हा हिशेब उदारच म्हणायचा.

तडा एकदा पडला की वेग धरतो. त्याच्या टोकाशी ताणाची तीव्रता लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, आणि वाढीचा वेग पोलादात त्या तीव्रतेच्या साधारण तिसऱ्या घाताने. तडा दुप्पट लांब झाला की तो जवळपास २.८ पट वेगाने पुढे सरकतो. म्हणून बरेच महिने केसाएवढी दिसणारी रेघ शेवटी बघता बघता नळीला वेढा घालते. "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" हे तड्याच्या बाबतीत चालत नाही.

आता वेल्डिंगकडे. टाक्याची कड नळीला जिथे भेटते तिथे सूक्ष्म खाच राहते. गार होताना टाका आकसतो आणि शेजारचा धातू कायमचा ताणलेला ठेवतो. तिसरी अडचण सगळ्यात वाईट: नळीला वेल्डिंग बाहेरूनच मारता येतं, त्यामुळे आतल्या बाजूला टाका मुळापर्यंत गेला की नाही ते दिसत नाही. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या थकवा-वर्गीकरणात एकाच बाजूने, आतून आधारपट्टी न देता मारलेल्या आडव्या जोडाला, टाक्याचं मूळ तपासलेलं असेल तर ७१ चा वर्ग मिळतो. म्हणजे २० लाख आवर्तनं सोसेल असा ताणाचा पल्ला ७१ मेगापास्कल. मूळ तपासलं नसेल तर वर्ग ३६. आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणून त्याच ताणाखाली न तपासलेल्या जोडाचं आयुष्य जवळपास आठवा हिस्सा धरावं लागतं. नळी जास्त ताकदीच्या पोलादाची असली तरी हे आकडे बदलत नाहीत.

हाच घनाचा नियम ग्रायंडरलाही लागू आहे. टाका दिसू नये म्हणून नळी गुळगुळीत घासायची सवय असते. २ मिलिमीटर जाडीतून अर्धा मिलिमीटर गेला की ताण एक तृतीयांशाने वाढतो आणि आयुष्य निम्म्याच्याही खाली, सुमारे ४२ टक्क्यांवर येतं. ओबडधोबड पण पूर्ण जाडीचा टाका त्या गुळगुळीत नळीपेक्षा चांगला.

मग फ्रेम वापरायची का? तडा कुठे आहे ते आधी सांगा.

हँडलचा दांडा ज्या जाड नळीतून जातो ती हेड पाईप. तिथे वरची आणि खालची नळी मिळते, त्या जोडाला तडा असेल तर माझं मत सरळ आहे: फ्रेम बदला. गाडी नुसती उभी असते तेव्हा पुढचं चाक फोर्कला पुढे ढकलत असतं. जोरात ब्रेक दाबला की रस्ता तेच चाक मागे ओढतो आणि हेड पाईपवरचा वाक उलट फिरतो. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट उतरताना वळणागणिक हे घडतं. थकव्याला असा उलटसुलट भारच सगळ्यात जास्त मानवतो. वर हा जोड सुटला तर सावरायला काहीच उरत नाही, पुढचं चाक हँडलसकट वेगळं होतं.

मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) ज्या बोल्टवर फिरतो त्या जागेचा तडाही याच यादीत. तिथे वेल्डिंगने एक-दोन मिलिमीटर ओढ आली तरी मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. खुद्द चिमट्याला तडा असेल तर तो वेगळा विकत मिळतो, तिथे वेल्डिंगचा विचारच करू नये. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांचा चिमटा तर ओतीव ॲल्युमिनियमचा आहे. ६०६१ सारखं उष्णतेने बळकट केलेलं ॲल्युमिनियमही वेल्डिंगच्या शेजारी जवळपास निम्मी ताकद गमावतं, आणि ती परत आणायची तर सबंध भाग भट्टीत घालावा लागतो. ते गॅरेजचं काम नव्हे.

उरलेल्या जागांवर मात्र नीट केलेली दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकते. डबल स्टँडचे कान, फुटरेस्टची पट्टी, मडगार्डचे टेकू बिनधास्त वेल्ड करा. इंजिनाच्या माउंटिंगला थोडं थांबा. बऱ्याच कम्युटर गाड्यांत इंजिनाखालून नळ्यांचा पूर्ण पाळणा नसतो, इंजिनच फ्रेमचा एक दुवा असतं. बोल्ट ढिला राहिला की इंजिनाच्या वाट्याचा वाक नळीवर येतो. वेल्डिंगच्या आधी भोकं अंडाकृती झालीत का पाहा. झाली असतील तर ती भरून, पुन्हा मापात भोक पाडल्याशिवाय टाका टिकणार नाही.

सातारा-सांगलीकडे सर्वाधिक ताण सोसते ती मागची बाजू, सीटखालची, शॉकअब्सॉर्बर वर जिथे टेकतो त्याच्या आसपासची. दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसतं दूध ८२ किलो. त्यात कॅन, अडकवायचा लोखंडी सांगाडा आणि चालवणारा. उसाच्या वाढ्याचे भारे नेणाऱ्यांचं वेगळं नाही. भार ठरलेल्यापेक्षा २५ टक्के वाढला की घनाच्या नियमाने आयुष्य निम्मं होतं. अशा फ्रेमला वेल्डिंग मारून पुन्हा तेच कॅन अडकवले, तर तडा टाक्याच्या शेजारून परत येईल. वेल्डरला शिव्या देण्यात अर्थ नाही. कॅन मागच्या आसाच्या पुढे आणि खाली घेणं, बसलेले शॉकअब्सॉर्बर बदलणं, हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

काम कसं व्हावं? बॅटरीची ऋण वायर आधी काढा, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचं) सॉकेटही. पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवून लांब ठेवा, रिकामी असली तरी. वेल्डिंगचा अर्थ-क्लॅम्प टाक्याच्या वीतभर अंतरात लावायला सांगा. तो चाकाला किंवा हँडलला लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून किंवा कॉनसेटमधून (हँडलच्या बेअरिंगमधून) जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. फ्रेम छान जोडली आणि हँडल अडकायला लागलं, याचं कारण पुष्कळदा हे असतं.

तड्याभोवती दोन इंच रंग काढून टोक शोधायचं. ते डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं, म्हणून डाय पेनेट्रंट वापरावं. तीन डब्यांचा संच असतो: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल रंग १० ते २० मिनिटं मुरू द्यायचा, कापडाने पुसायचा, पांढरा फवारा मारायचा. तड्यातून लाल रेघ उमटते. दाबाची भांडी बनवणाऱ्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये हे रोजचं काम आहे. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ओळख असेल तर तिथूनच करून घ्या. टोकाच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तडा पूर्ण खोलीपर्यंत ६० अंशांच्या खाचेत उघडायचा. नुसती वरून माळ ओढली तर खाली तडा जिवंत राहतो. नळी दोन्हीकडून बंद असेल तर लांब कुठेतरी बारीक भोक ठेवा, नाहीतर आतली तापलेली हवा अजून वितळलेल्या टाक्यातून फुगे काढते. पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीची नळी आतून गंजून पातळ झालेली असू शकते. तिथे आर्क लागताच भोक पडलं तर ती नळी टाका धरणार नाही.

पातळ नळीला आर्गन वेल्डिंग उत्तम, सीओटू चालतं. रॉडने करायचंच असेल तर ७०१८ चा रॉड ३०० अंशांच्या वर तासभर भाजलेला हवा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो, त्यातला हायड्रोजन टाक्यात शिरतो आणि तडा एक-दोन दिवसांनी उमटतो. म्हणून डाय पेनेट्रंटची दुसरी तपासणी ४८ तासांनी करायची. टाक्यावर पाणी ओतू देऊ नका. सौम्य पोलाद ते एकवेळ सोसेल, क्रोम-मोलिब्डेनमची नळी ठिसूळ होते. ड्यूकची जाळीची फ्रेम त्याच पोलादाची आहे.

वरून पट्टी मारायचीच असेल तर ती नळीच्याच जाडीची आणि आखूड हवी, टोकं माशाच्या शेपटीसारखी किंवा शंकरपाळ्यासारखी निमुळती. जाड, लांब, चौकोनी पट्टी दिसते दणकट, पण तिच्या टोकाशी ताण एकवटतो. त्याच वर्गीकरणात नळीच्या दिशेने लावलेली पट्टी ५० मिलिमीटरच्या आत असेल तर वर्ग ८०, ३०० च्या वर गेली तर ५०. टोकाला नळीच्या आडवा टाका तर नकोच, नवा तडा नेमका तिथून सुरू होतो.

टाक्यावर फिक्या रंगाचा पातळ हात द्या. त्यावर तांबूस रेघ लगेच दिसते. पहिल्या १०० किलोमीटरला, मग ५०० ला, पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला टॉर्च मारून बघा. गाडी एका बाजूला ओढू लागली, चेन एकाच कडेने घासू लागली किंवा तोच बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होऊ लागला, तर फ्रेम हलते आहे असं समजा.

फ्रेम बदलण्याची वेळ आली तर जुनी उतरवण्याआधी आरटीओत विचारा. चासी नंबर बहुतेक गाड्यांत हेड पाईपवरच ठोकलेला असतो आणि तो आरसीशी जुळावा लागतो. त्या नंबराच्या जवळ ग्रायंडर फिरवू देऊ नका. एक अंक पुसला गेला तरी पुढे गाडी विकताना किंवा विम्याचा दावा करताना उत्तरं देत बसावी लागतात.

जुनी गाडी घेताना लहानसं चुंबक खिशात ठेवा आणि हेड पाईपच्या जोडांवरून, चिमट्याच्या बोल्टाभोवती फिरवा. नळी पोलादाची असूनही एखाद्या जागी ते नीट चिकटत नसेल, तर रंगाखाली पुट्टी आहे. तिथला रंग खरवडून दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर ती गाडी घेऊ नका.