रात्रभर स्प्रे मारून ठेवला की बोल्ट सुटतो?

होडीच्या मागे लावायचं जुनं आउटबोर्ड इंजिन उघडायला बसलं की कुणीतरी सांगतंच: डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा तेलकट स्प्रे) मार, रात्रभर ठेव, सकाळी हाताने सुटेल. लोखंडात लोखंड गंजून धरलं असेल तर थोडाफार उपयोग होतोही. पण थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या, झाकणाचं दुखणं वेगळं आहे. तिथे बोल्ट स्टेनलेसचा, इंजिनाचं धड, म्हणजे ब्लॉक, ॲल्युमिनियमचा आणि मध्ये खारं पाणी. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांत ठासून बसते. बोल्टचं डोकं मात्र चकचकीत, म्हणून माणूस फसतो. ही पूड तेलात विरघळत नाही, आणि ती इतकी गच्च असते की तेल खोलवर शिरतच नाही.

इथे कामाला येते ती उष्णता. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने जास्त प्रसरण पावतं. म्हणून बोल्ट नव्हे, भोवतालचा ब्लॉक तापवायचा, तोही गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने. त्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळी लांब न्यायची, मारलेला स्प्रे पुसून काढायचा. तो पेट घेतो. मग पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलट, असं पुढेमागे करत राहायचं. पान्याला पाइप अडकवून जोर काढलात तर एम-६ चा (६ मिमी जाडीचा) बोल्ट मानेशी तुटणार, आणि तोही नेमका ड्रिल पोचत नाही अशा कोपऱ्यात. परत बसवताना आट्यांना मरीन ग्रीस लावा.