दाहक आंत्ररोग व प्रतिपिंड उपचार (गोवा)

आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारांना दाहक आंत्ररोग म्हणतात. मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. १९३२ मध्ये बरिल क्रोन व सहकाऱ्यांनी वर्णन केलेला क्रोन रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याची पूर्ण भिंत पोखरतो.

शौचातून रक्त पडले की पेडणे-सत्तरीपासून सासष्टीपर्यंत पहिला संशय मूळव्याधीचा घेतला जातो, आणि तपासणी लांबते. रक्तासोबत आव, रात्री उठवणारे जुलाब किंवा घटणारे वजन असेल तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) व बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) टाळू नये. शौचातील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढलेले असल्यास आतड्यात दाह असल्याचे कळते, पण त्याचे कारण कळत नाही.

भारतात, म्हणून गोव्यातही, खरी कसोटी क्रोन आणि आतड्याचा क्षय वेगळे ओळखण्याची. दोन्ही बहुधा लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी दिसतात. दोन्हींत ताप, पोटदुखी, वजनघट. आडवे व्रण आणि मध्यभाग कुजलेल्या लसिकाग्रंथी क्षयाकडे बोट दाखवतात, उभे लांब व्रण आणि गुदद्वाराजवळचे भगंदर क्रोनकडे. जंतू मात्र बायोप्सीत अनेकदा सापडतच नाहीत. मग क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. केवळ बरे वाटण्यावर विसंबू नये. व्रण भरले का, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

ही काळजी उपचारासाठी अत्यावश्यक आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोनसाठी मान्यता मिळालेले इन्फ्लिक्सिमॅब आणि नंतरचे अडालिमुमॅब ही प्रतिपिंडे (ठरावीक लक्ष्याला चिकटणारी प्रथिने) टीएनएफ हे दाह पेटवणारे प्रथिन अडवतात. पण हेच प्रथिन शरीरात दडलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवते. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, सुप्त क्षयाची चाचणी आणि हिपॅटायटिस बी तपासणे बंधनकारक मानावे. व्हेडोलिझुमॅब हे दुसरे प्रतिपिंड मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या पांढऱ्या पेशी रोखते, त्यामुळे संसर्गाचा धोका तुलनेने कमी.

इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून पहिल्या दिवशी, दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात आणि पुढे दर आठ आठवड्यांनी देतात. अडालिमुमॅब रुग्ण घरीच त्वचेखाली टोचू शकतो, मात्र ते २ ते ८ अंशांत जपावे लागते. बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) रुग्णालयापासून दूर राहणाऱ्यांना हा फरक मोठा वाटतो. बरे वाटले म्हणून डोस मध्येच सोडल्यास शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते. पुन्हा सुरू केल्यावर ते निष्प्रभ ठरण्याची किंवा तीव्र प्रतिक्रिया येण्याची शक्यता वाढते.