मणक्याची दुखापत आणि घरात आलेला वॉर्ड

गोव्यात मणका मोडण्याची कारणं शोधत फिरावं लागत नाही. माडावर चढलेल्या पाडेल्याचा, म्हणजे नारळ पाडणाऱ्याचा, पाय निसटतो, आंबे काढायला गेलेला घरचाच कोणी फांदीसकट खाली येतो, दुचाकी कठड्यावर आदळते, पोहायला गेलेला मुलगा उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारतो. बातमीत ‘गंभीर जखमी’ एवढंच छापून येतं. शस्त्रक्रिया होते, काही आठवड्यांनी माणूस पेडण्याला, साखळीला नाहीतर फोंड्याकडच्या एखाद्या वाड्यावर घरी येतो आणि त्याच्याबरोबर कामांची यादीही येते. दर दोन तासांनी कूस बदला, चार ते सहा तासांनी लघवी काढा, शौचाची वेळ बांधून द्या, रोज टाच आणि माकडहाड निरखून बघा. ही यादी मुळात घरासाठी बनलेली नव्हती. ती बनली वॉर्डासाठी, जिथे पाळ्या लावून काम करणाऱ्या पगारी परिचारिका होत्या.

त्याआधी तर यादीच नव्हती. इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी १६०० ते १७०० च्या सुमारास उतरवलेल्या वैद्यकीय लेखात, मान मोडून हातपाय गेलेल्या रुग्णाबद्दल निकाल दिला आहे: यावर उपचार करू नये. वैद्य निर्दयी होता असं नाही, त्याने जे पाहिलं ते लिहिलं. पहिल्या महायुद्धापर्यंत चित्र फारसं बदललं नव्हतं. मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोराला, इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात, आणि ते मूळ जखमेमुळे नव्हे. संवेदना गेलेल्या अंगावर एकाच जागी भार पडत राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, कातडी आणि मांस आतून सडतं, दुखत नसल्यामुळे कळतही नाही. दुसरीकडे मूत्राशय भरतं पण रिकामं होत नाही, जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत पोचतो. माणूस मरायचा तो शय्याव्रणाने आणि लघवीच्या विकाराने.

हे मोडून काढलं लुडविग गुटमान यांनी. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला निसटलेला हा ज्यू मेंदूतज्ज्ञ. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथल्या रुग्णालयात त्यांच्याकडे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीचा विभाग सोपवला गेला. त्यांनी रुग्णांना जखडणारी प्लास्टरची कवचं काढून टाकली आणि दर दोन तासांनी, दिवसरात्र, प्रत्येकाची कूस बदलायचा नेम घालून दिला. नेम पाळला जातो की नाही हे बघायला ते रात्री स्वतः वॉर्डात येत. उशा कुठे ठेवायच्या, सांधे आखडू नयेत म्हणून पाय कसे हलवायचे, लघवीची नळी किती स्वच्छतेने घालायची, सगळं ठरलेलं. अशी शिस्त बॉस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी १९३० च्या दशकातच सुरू केली होती, पण जगभर पोचली ती स्टोक मँडव्हिलची. गुटमान यांनी रुग्णांना उठवून कामाला आणि खेळाला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथल्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

भारतात पहिली आठवण निघते मेरी वर्गीस यांची. वेल्लोरच्या या तरुण डॉक्टरला १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली पक्षाघात झाला. चाकाच्या खुर्चीत बसूनच त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं आणि १९६६ मध्ये वेल्लोरला रुग्णांना ठेवून घेणारं पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून होती. खडकीला सैनिकांसाठी वेगळं केंद्र झालं. मराठी वाचकाला मुरलीकांत पेटकर माहीत असतातच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचार म्हणून पोहणं सुरू झालं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये देशाचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळालं. त्यांच्यामागे लष्करी रुग्णालय उभं होतं, हे मात्र सांगताना आपण विसरतो. माडावरून पडलेल्या पाडेल्यामागे कोण असतं? आई, बायको, भाऊ, वहिनी.

१९७२ या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे, आणि माझ्या मते घरच्यांच्या दृष्टीने ते पदकाहून मोठं. मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी त्या वर्षी मांडलं की दर काही तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करताना सगळं निर्जंतुक असण्याची गरज नाही. हात आणि नळी स्वच्छ असली तरी चालतं. मूत्राशय ताणून भरू न देणं हे जास्त मोलाचं. तोवर हे काम हातमोजे घातलेल्या परिचारिकेचं होतं, आता ते साबणाने हात धुतलेल्या माणसाला जमू लागलं. हात चालत असतील तर रुग्ण स्वतः करतो, नसतील तर घरातलं कोणी. वॉर्ड घरात शिरला तो बऱ्याच अंशी या दारातून. वर्षानुवर्षं आत राहणारी नळी आणि तिच्यामागून येणारे संसर्ग, खडे यांतून अनेकांची सुटका झाली. संकोच मात्र राहिला. मुलाची लघवी आईने काढायची, सासऱ्यांची सुनेने, यावर घरात कोणी बोलत नाही. शिकवणाऱ्यांनीही आधी या संकोचावरच बोलायला हवं.

आधुनिक वैद्यकाच्या बाबतीत गोवा मागे नव्हता. पणजीची पोर्तुगीज वैद्यकीय शाळा १८४२ ची, मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि ते पुढे बांबोळीला गेलं. २००८ मध्ये १०८ रुग्णवाहिका आली. त्याआधी पडलेल्या माणसाला चौघं जण हातापायांना धरून उचलत आणि मिळेल त्या वाहनात मुडपून घालत. मोडलेला मणका अशा वेळी हलला तर अर्धवट इजा पूर्ण होऊ शकते. अजूनही उचलायची घाई होतेच. फळीवर सरळ ठेवा, मान हलू देऊ नका, एवढंच सांगायचं असतं.

पुनर्वसनाचा लांब पल्ला मात्र घरानेच ओढला. मोठ्या एकत्र घरात सोप्यावर खाट टाकली की येताजाताना कोणीतरी कूस बदलत असे. त्या घरांना उंच जोतं होतं, पाच-सहा पायऱ्या होत्या, न्हाणी मागे होती, म्हणजे चाकाच्या खुर्चीला दारातच अडवणारी रचना. पण हात भरपूर होते. आता हात कमी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे मुलांची सरासरी, १.३ निघाला. त्यात एक मुलगा आखातात, मुलगी लंडनला. साठी ओलांडलेली आई तिशीतल्या मुलाला उचलते आणि वर्षभरात तिचीच कंबर धरते. उचलण्याऐवजी सरकवण्याची फळी वापरता येते, हे पुष्कळांना कोणी दाखवलेलंच नसतं.

आशेचाही एक इतिहास आहे. इजा झाल्यावर पहिले काही आठवडे पाय लुळे असतात, मग एके दिवशी गुडघा झटका देतो. घरात आनंद होतो, देवाला नारळ फुटतो. बहुतेकदा तो मज्जारज्जूचा खालचा भाग मेंदूच्या ताब्याशिवाय देत असलेला प्रतिसाद असतो. खरी सुधारणा बरीचशी पहिल्या सहा महिन्यांत आणि वर्षभरात दिसते, आणि इजा अर्धवट असेल तर तिची शक्यता जास्त. गुदद्वाराजवळची संवेदना शिल्लक आहे का, हे डॉक्टर तपासतात ते त्यासाठीच. याच काळात कोणीतरी स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराची जाहिरात पाठवतं आणि जमीन विकायची भाषा सुरू होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकारांसारख्या ठरावीक आजारांपलीकडे हा उपचार फक्त मंजूर चाचण्यांमध्येच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, की उत्तर मिळालं.

जाहिरातीपेक्षा घरच्यांनी पाठ करावी अशी गोष्ट वेगळी आहे. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय किंवा तुंबलेली नळीसुद्धा रक्तदाब एकदम चढवते. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. आडवं करू नये, बसवावं, कपडे सैल करावेत, नळी बघावी, आणि उतार पडत नसेल तर तातडीने डॉक्टर गाठावा. अशाच रुग्णाला इजेच्या खालच्या भागात उष्म्याचा घाम येत नाही, म्हणून मे महिन्यात पंखा आणि ओला टॉवेल ही चैन नसते.

कायदा उशिरा आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सांभाळणाऱ्याचा विचार जवळजवळ नव्हता. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद केली, सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. गोव्यात त्याच वर्षी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. उपचारांसाठी तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. तिचा भर रुग्णालयातल्या उपचारांवर आहे, घरी लागणाऱ्या नळ्या, डायपर आणि हवेच्या गादीचा खर्च महिन्यामागून महिना घरातूनच जातो. दिव्यांगांना मासिक मदत देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आधीपासून आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला आणि चाकाच्या खुर्च्या रस्त्यावर दिसल्या. मदतीसाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि तो काढायला रुग्णाला गाडीत घालून तपासणीला न्यावं लागतं. म्हणजे त्या दिवशी घरातल्या कमावत्या माणसाची रजा, भाड्याची व्हॅन आणि वाटेत एकदा नळी घालायला आडोसा.