जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून गंजत नाही?

"जुन्या स्पोर्ट्स कारचा पत्रा जाड, त्याला गंज लागत नाही, इंजिन सुरू झालं की डोळे मिटून विकत घ्या," असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. समज स्वाभाविक आहे, तो पत्रा हाताला दणकट लागतोच.

पण जाडी म्हणजे गंजापासून संरक्षण नव्हे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मोटारींत रुळला तो साधारण १९८० नंतर. त्याआधीच्या गाड्यांत पोकळ भागांत पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच खाल्लेलं असतं. १९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला वेगळी चॅसी (बॉडीखालचा सांगाडा) नाही. दारांखालची पोकळ पट्टीही गाडीचा भार पेलते. इंजिन उतरवून बांधता येतं, कुजलेली बॉडी कापून जोडणं फार मोठं काम.

तपासायला मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. दारांखाली, चाकांच्या कमानींवर सरकवा. पकड सुटली तिथे रंगाखाली बहुधा पुट्टी (खड्डे बुजवायचा लेप) भरलेली. (बॉडी फायबरची किंवा ॲल्युमिनियमची नाही ना, हे आधी विचारा.) मग मॅट उचलून गाडीच्या तळाच्या पत्र्यावर बोटं फिरवा. दार लावताना खाली घासत असेल तर बॉडी वाकल्याची शंका घ्या.

आपल्या वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढतं ते ठाऊक आहेच. गाडी पावसाळ्यात कुठे उभी असायची, हे मालकाला जरूर विचारा.