कडेवर पेटणाऱ्या काडतुसाची ताकद: 'पॉइंट टू टू'मागचा इतिहास

साताऱ्यात एनसीसीच्या शिबिरात चांदमारीचा दिवस उजाडतो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा खरी रायफल खांद्याला लावणाऱ्या मुलामुलींच्या हाती बहुधा 'पॉइंट टू टू', म्हणजे ०.२२ इंची नळीची रायफल असते. मिलिटरी अपशिंग्यासारखे सैनिकांचे गाव आणि १९६१ साली सुरू झालेले देशातले पहिले सैनिक स्कूल ज्या जिल्ह्यात आहे, तिथे बंदुकीच्या गोष्टी मुलांनी घरीच ऐकलेल्या असतात. त्यामुळे करंगळीच्या पेराएवढे काडतूस तळहातावर पडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आजोबांच्या थ्री-नॉट-थ्रीपुढे, म्हणजे ०.३०३ इंची जुन्या लष्करी रायफलीपुढे, हिच्यात ताकद ती किती? आकड्यांत उत्तर द्यायचे तर थ्री-नॉट-थ्रीची गोळी नळीतून सुमारे ३,१०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते आणि साध्या पॉइंट टू टूची सुमारे १४०. हा बावीस पटींचा फरक एवढा मोठा का राहिला आणि तो कमी करण्याचे प्रयत्न कुठवर पोचले, हे कळण्यासाठी या काडतुसाच्या बुडाची कड नीट पाहावी लागते.

थ्री-नॉट-थ्रीसारख्या सेंटरफायर काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते आणि तिच्याभोवतीचे पितळ जाड ठेवता येते. पॉइंट टू टूसारख्या रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणाऱ्या, काडतुसात अशी वेगळी टोपी नसते. आघाताने पेटणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत पसरलेले असते आणि फायरिंग पिन ती कड चेपते, म्हणून ते पेटते. कड चेपली जावी यासाठी पितळ पातळ हवे, आणि पितळ पातळ असले की आतला दाब फार वाढवता येत नाही. पॉइंट टू टू लाँग रायफल काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला २४,००० पाउंड आहे, तर आजच्या लष्करी सेंटरफायर काडतुसांत हा आकडा ५०,०००च्या पुढे जातो. रिमफायरची ताकद वाढवण्याचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

सुरुवातीला दारूही नव्हती. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीवर चढवतात तसली टोपी घेऊन पॅरिसच्या फ्लोबेर या कारागिराने १८४५ साली तिच्या तोंडात लहानशी शिशाची गोळी बसवली. गोळीला ढकलणारी शक्ती तेवढ्या टोपीतल्या मसाल्याचीच असे, त्यामुळे हे काडतूस घराच्या दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळण्यापुरते होते. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी याच कल्पनेत ४ ग्रेन काळी दारू आणि २९ ग्रेनची गोळी घातली. (ग्रेन हे वजनाचे जुने माप असून १५.४ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम.) हेच पॉइंट टू टू शॉर्ट, आणि ते आजही बनते.

आज रिमफायर म्हटले की लहान गोळीच डोळ्यांसमोर येते, परंतु १८६०च्या दशकात तसे नव्हते. अमेरिकेच्या यादवी युद्धात वापरल्या गेलेल्या हेन्री आणि स्पेन्सर रायफलींची काडतुसे रिमफायरच होती, आणि हेन्रीची गोळी ०.४४ इंच व्यासाची, २०० ग्रेनहून जड होती. अधिक दारू भरून अधिक पल्ला मिळवायचा म्हटल्यावर पातळ कड आड आली. १८६६च्या सुमारास बर्डन आणि बॉक्सर यांच्या सेंटरफायर रचना पुढे आल्या आणि मोठ्या गोळ्या तिकडे गेल्या. सेंटरफायरचे रिकामे काडतूस नवी टोपी बसवून पुन्हा भरता येते, रिमफायरचे एकदा उडाले की संपले, हाही फरक त्यात होता. उरलेल्या रिमफायरकडे लहान, स्वस्त आणि मऊ धक्क्याची गोळी एवढेच काम राहिले, आणि माझ्या मते या काडतुसाच्या दीर्घायुष्याचे कारण हेच आहे.

त्यानंतरच्या तीस वर्षांत पॉइंट टू टूची लांबी टप्प्याटप्प्याने वाढली. १८७१ मध्ये 'लाँग' आले, त्यात शॉर्टचीच गोळी आणि ५ ग्रेन दारू होती. १८८० मध्ये 'एक्स्ट्रा लाँग' आले, त्यात ४० ग्रेनची गोळी होती. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने लाँगचे कवच (दारू भरायचे पितळी नळकांडे) आणि एक्स्ट्रा लाँगची गोळी यांचा मेळ घालून 'लाँग रायफल' तयार केले. गोळी जड, दारू माफक आणि कवच आखूड असा हा मध्यम जोड इतका नेमका ठरला, की एक्स्ट्रा लाँग मागे पडून नाहीसे झाले आणि लाँग रायफल आज जगात सर्वत्र वापरले जाते.

या टप्प्यावर ब्रिटिश लष्कराचा संबंध येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात आपल्या शिपायांचा नेम कच्चा आहे हे इंग्रजांना फार महागात शिकावे लागले आणि १९०१ नंतर सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने छोट्या रायफलींच्या नेमबाजी मंडळांची चळवळ इंग्लंडभर पसरली. लष्करी रायफलीसारखेच वजन आणि तशीच बोल्टची हालचाल असलेल्या, पण पॉइंट टू टूची नळी बसवलेल्या ली-एनफिल्ड रायफली सरावासाठी निघाल्या. अशी रायफल लहान मैदानावर चालते, खर्च थोडा येतो आणि खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही. १९४८च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली, तेव्हा सरावाची ही पद्धत तिच्याकडे आली. शिबिरातल्या मुलाच्या हाती थ्री-नॉट-थ्री न देता पॉइंट टू टू का देतात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

ताकद वाढवण्याची दुसरी लाट धूररहित दारू रुळल्यावर आली. १९३० साली रेमिंग्टनने 'हाय व्हेलॉसिटी' लाँग रायफल बाजारात आणली. आज त्या वर्गातली ४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३७५ मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १८० ज्यूलच्या आसपास असते. १९५९ मध्ये विंचेस्टरने लांब आणि किंचित मोठ्या व्यासाच्या कवचाचे 'पॉइंट टू टू मॅग्नम' काढले, ज्यात तशीच ४० ग्रेनची गोळी सेकंदाला ५७० मीटरपर्यंत जाऊन ४२० ज्यूल गाठते. मॅग्नमचे कवच व्यासाने मोठे असल्याने ते लाँग रायफलच्या नळीत बसत नाही. उलट लाँग रायफलचे काडतूस मॅग्नमच्या नळीत सैल बसते आणि उडवल्यास कवच फाटून इजा होऊ शकते. दोन्हींच्या नावात बावीस आहे म्हणून ती एकच, असे मानण्याची चूक कोणीही करू नये.

१९७० मध्ये रेमिंग्टनने ५ मिलिमीटरचे बाटलीसारख्या गळ्याचे रिमफायर आणले, पण त्याच्या रायफली काही वर्षांतच बंद झाल्या. १९७७च्या सुमारास आलेल्या 'स्टिंगर' नावाच्या लाँग रायफल काडतुसाने गोळी ३२ ग्रेनपर्यंत हलकी करून वेग ५०० मीटरवर नेला. २००२ मध्ये हॉर्नाडी कंपनीने मॅग्नमच्या कवचाचा गळा आवळून ०.१७ इंचाचे 'एचएमआर' तयार केले. २०१३च्या सुमारास विंचेस्टरने तर बांधकामावर काँक्रीटमध्ये खिळे ठोकणाऱ्या यंत्राच्या काडतुसाचे कवच घेतले आणि दाबाची मर्यादा ३३,००० पाउंडांवर नेत २० ग्रेनच्या गोळीला ५४० ज्यूल दिले. दीडशे वर्षांनंतर कडेचे पितळ जाड करण्याचे धाडस झाले ते असे, बांधकामाच्या हत्याराचा आधार घेऊन.

या आकड्यांची तुलना करताना एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, नुसत्या वेगाच्या प्रमाणात वाढतो. साध्या लाँग रायफलची गोळी २.५९ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३३० मीटर. एचएमआरची गोळी १.१ ग्रॅमची आणि वेग ७७७ मीटर. ऊर्जा पाहिली तर १४० विरुद्ध ३३० ज्यूल, म्हणजे दुपटीहून अधिक. संवेग काढला तर दोन्हींचा ०.८५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, जवळजवळ तंतोतंत सारखा. म्हणून 'कोणती ताकदवान' या प्रश्नाला, कशासाठी ते विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. नळीची लांबीही हिशेबात धरावी लागते. लाँग रायफलची थोडीशी दारू ४० ते ४५ सेंटिमीटर नळीत आपले काम संपवते, पण मॅग्नमची दारू आखूड नळीच्या पिस्तुलात पुरती जळत नाही आणि तिचा वरचढपणा बराचसा ओसरतो.

नेमबाजांनी मात्र ताकदीच्या शर्यतीकडे पाठ फिरवली, आणि त्यांचे कारण हवेत आहे. गोळी ध्वनीच्या वेगाहून जलद निघून वाटेत त्याच्या खाली आली की ती किंचित डळमळते. डिसेंबरच्या पहाटे साताऱ्यात पारा १० अंशांवर असताना ध्वनीचा वेग सेकंदाला ३३७ मीटर असतो, एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना तो ३५४ होतो. स्पर्धेची गोळी ३२० ते ३३० मीटरच्या मर्यादेत ठेवतात, त्यामुळे दोन्ही ऋतूंत ती ही सीमा ओलांडतच नाही. स्पर्धेच्या काडतुसाला जास्त पैसे पडतात ते वेगाच्या सारखेपणासाठी. एका गोळीचा वेग ३२० आणि दुसरीचा ३१० असेल, तर ५० मीटरवर दुसरी सुमारे ८ मिलिमीटर खाली लागते, आणि हा हिशेब हवेचा रोध सोडून केलेला आहे. तिथे लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते.

ऑलिंपिकच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात तर २००४ पर्यंत सर्वात अशक्त असे शॉर्ट काडतूसच चाले, कारण पाच गोळ्या काही सेकंदांत झाडताना धक्का जितका कमी तितके पिस्तूल लवकर स्थिरावते. २००५ पासून नियम बदलून लाँग रायफल सक्तीचे झाले, आणि त्याच प्रकारात विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला रौप्यपदक मिळवले. सांगलीला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पडून नेम धरण्याच्या प्रकारात) जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण आणले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने नेमबाजी) कांस्य जिंकले. ही सगळी पदके १८८७ सालच्या लाँग रायफल काडतुसावर मिळालेली आहेत.

चांदोली आणि कोयनेच्या पट्ट्यात रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेला शेतकरीही कधी या काडतुसाविषयी विचारतो. वन्यजीव कायदा तिथे आडवा येतोच, पण कायदा बाजूला ठेवला तरी १४० ज्यूलची गोळी मोठे जनावर मारत नाही, घायाळ करून सोडते, आणि ते फार क्रूर आहे. दुसऱ्या बाजूने तिला खेळणे समजणेही तितकेच चुकीचे. अनेक खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो, म्हणून चांदमारीच्या मैदानामागे मातीचा उंच बांध लागतो. भारतीय कायद्याने आता ज्यूल हेच माप धरले आहे: २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतच्या, ०.१७७ इंची एअर गनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीत ७.५ ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तिच्यावर हात बसलेला सातारा-सांगलीतला मुलगा पुढे पॉइंट टू टूकडे वळतो, तेव्हा त्याच्या हातातली ऊर्जा एकदम अठरा-एकोणीस पट झालेली असते, आणि कायद्याच्या दृष्टीने तो परवान्याच्या शस्त्राच्या हद्दीत आलेला असतो.