नवजात मेंदूविकृतीची तीव्रता-निश्चिती

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाची जागृती, स्नायूंचा ताण, प्रतिक्षेप (आपोआप होणाऱ्या हालचाली) आणि श्वसन बिघडले, तर त्या अवस्थेला नवजात मेंदूविकृती किंवा रुग्णालयाच्या बोलीत एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. प्रसूतीच्या सुमारास मेंदूला प्राणवायू व रक्त कमी पडणे हे तिचे प्रमुख कारण असले, तरी जंतुसंसर्ग, रक्तशर्करेची घट आणि चयापचयाचे विकारही तसेच चित्र निर्माण करतात. त्यामुळे तीव्रता ठरवताना साखर आधी पाहतात.

तीव्रतेच्या वर्गीकरणाचा पाया हार्वी व मार्गारेट सार्नाट या संशोधकांनी १९७६ मध्ये २१ बाळांच्या निरीक्षणावरून घातला. पहिल्या अवस्थेतील बाळ टक्क जागे, चिडचिडे आणि दचकणारे असते. दुसऱ्या अवस्थेतील सुस्त व सैल असते, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या असतात आणि त्याला बहुधा झटके येतात. तिसऱ्या अवस्थेतील बाळ जवळजवळ निश्चेष्ट असते. पहिल्या अवस्थेतले टक्क डोळे पाहून नातेवाईक सुखावतात, पण ती जागृती नैसर्गिक नसते.

प्रत्यक्ष तपासणी बरीचशी हातांनीच होते. डॉक्टर हातमोजा घातलेले बोट बाळाच्या तोंडात ठेवून चोखण्याचा जोर अजमावतात, डोक्यावरची मऊ टाळू फुगलेली आहे का ते चाचपतात, आणि डोके किंचित उचलून आधार क्षणभर ढिला करतात, तेव्हा निरोगी बाळ दोन्ही हात फाकवून पुन्हा छातीशी आणते. केप टाउन येथे विकसित झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थॉम्पसन गुणांकात अशा नऊ लक्षणांना मिळून कमाल २२ गुण असतात. १० पर्यंत सौम्य, ११ ते १४ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी विभागणी सामान्यतः वापरतात. यंत्राशिवाय दररोज मोजता येणे हे त्याचे मोठे बळ होय. जन्मानंतर पहिल्या व पाचव्या मिनिटाला बाळाच्या एकूण स्थितीवरून दिला जाणारा अपगार गुणांक निराळा. त्यावरून मेंदूविकृतीची श्रेणी ठरत नाही.

मध्यम किंवा तीव्र श्रेणीच्या बाळाला ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत भंडारा-गोंदियापासून छिंदवाड्यापर्यंतची बाळे येतात, आणि ‘बाळ रडलंच नाही’ एवढ्याच माहितीवर आलेल्या बाळाचे त्यातील काही तास रस्त्यातच सरलेले असू शकतात. मे महिन्यातील उन्हात वाटेत बाळाचे तापमान वाढणे हा वेगळा धोका, कारण ज्वराने इजा झालेल्या मेंदूची हानी वाढते. मात्र थंड करण्याचा निर्णयही सरसकट घेता येत नाही: भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ बाळांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने मृत्यू वा अपंगत्व कमी झाले नाही, उलट मृत्यू वाढले.

श्रेणी स्थिर नसते, हीच या मापनातील खरी अडचण आहे. दुसऱ्या तासाला सौम्य वाटलेल्या बाळाला बाराव्या तासाला झटके येऊ शकतात. सार्नाटांच्या निरीक्षणात दुसरी अवस्था पाच दिवसांच्या आत ओसरलेली आणि तिसरीत न गेलेली बाळे पुढे सुधारली होती, म्हणजे अवस्थेइतकाच तिचा कालावधीही बोलका असतो. शिवाय झटक्यांसाठी दिलेल्या फेनोबार्बिटोनने बाळ आणखी सुस्त दिसते. म्हणून गुणांच्या शेजारी तपासणीची आणि औषधाची, अशा दोन्ही वेळा नोंदवलेल्या नसतील तर दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरांना त्या आकड्याचा फारसा उपयोग होत नाही.